धनगरवाडे उठवून जंगल वाचत नसतं

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. 'सह्याद्रीत वाघ हवाय? मग आधी जंगलातली माणसं बाहेर काढा' अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. जंगलात राहणाऱ्यांनीच जंगल संपवलं. वनहक्क कायदा म्हणजे फुकट जमिनीची खिरापत. शाहू महाराजांनी माणसं लांब ठेवली म्हणून दाजीपूरचं जंगल टिकलं. पुनर्वसनाला लोक आनंदाने तयार असतात. आणि ओसाड सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारांवर, झाडं लावली की काम झालं. मामांच्या घरी लोणी येतं ते राधानगरीच्या बाजारातून, रानातल्या एका धनगरवाड्यावरच्या मावशींकडून. त्यांनाच अतिक्रमण ठरवणारा मजकूर मामा 'जरूर वाचा' म्हणून पुढे पाठवतात, याचा संताप आला.

शाहू महाराजांचं नाव घेऊन हे सांगणं तर कोल्हापुरात कुणी खपवून घेऊ नये. दाजीपूरचं रान संस्थानची शिकारीची जागा होती, हे खरं. पण त्याच महाराजांनी शिकारीवर जगणाऱ्या फासेपारध्यांना हाकललं नाही, जवळ केलं. कोल्हापूरजवळच्या सोनतळीला आसरा दिला, नोकऱ्या दिल्या. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी १९१८ साली बंद केली. माणसं हाकलायला त्यांचं नाव वापरू नका.

खिरापतीचं म्हणाल तर २००६ चा वनहक्क कायदा एकदा उघडून बघा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीचाच हक्क मिळतो, तोही चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायकोच्या जोडनावावर. ती जमीन विकता येत नाही. आपले गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कारवीच्या कुडाच्या घरात राहणाऱ्या, म्हशींमागे रान तुडवणाऱ्या माणसाने १९३० च्या सुमाराचा कागद आणायचा कुठून? म्हणूनच नियमांत कागदाशिवायचे पुरावेही धरले आहेत: म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, वंशावळ, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान. आणि याच कायद्याने गावाला जंगल राखायचा हक्क दिलाय, जबाबदारीही टाकलीय. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

आता सगळ्यात घातक मुद्दा: जंगलात राहणाऱ्यांनीच जंगल संपवलं, म्हणजे माणूस काढला की ते आपोआप सावरतं. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगनच्या डोंगरांत सोलिगा आदिवासी राहतात. तिथे १९७४ ला अभयारण्य झालं, सोलिगांची फिरती शेती आणि आग लावणं बंद झालं. ही आग म्हणजे वणवा नव्हे. पाचोळा थोडा साठला की उन्हाळा तापायच्या आधी लावायची हलकी आग, जी खालचं झुडूप जाळते आणि मोठं झाड सोडते. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात. आग थांबली आणि घाणेरीचं (लँटानाचं) झुडूप माजलं. गवत दबलं, आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं. सोलिगा हे कितीतरी वर्षं सांगत होते, अभ्यासकांनी ते फार उशिरा मनावर घेतलं. पुढे २०११ ला तिथे व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच वर्षी सोलिगांचे सामूहिक वनहक्कही मान्य झाले. २०१० मध्ये तिथे ३५ वाघ मोजले होते, २०१४ मध्ये ६८. वाघ सोलिगांनीच वाढवले असं मी म्हणत नाही. पण माणसं असताना वाघ वाढत नाहीत, हे साफ खोटं आहे.

अर्धं खरं काय ते मान्य करते. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटतात, त्यातले पुष्कळ वणवे माणसंच लावतात आणि त्यांत सोलिगांच्या आगीसारखी शिस्त नसते. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतली झाडं विकणारी गावंही आहेत. नाकारण्यात अर्थ नाही. पण ते करणाऱ्याला अडवा, दंड करा. वाडाच्या वाडा उठवायचा हा कुठला न्याय?

पुनर्वसन आनंदाने? चांदोली अभयारण्यासाठी उठवलेल्या लोकांचे ठिय्ये कोल्हापूरने वर्षानुवर्षं बघितलेत. आनंदाने गेलेली माणसं कलेक्टर कचेरीसमोर बसत नाहीत. कायदा तर सांगतो की आधी हक्क मान्य करा, एकत्र राहणं का शक्य नाही हे दाखवा, ग्रामसभेची लेखी संमती घ्या, नव्या जागी जमीन आणि सोयी पुऱ्या करा आणि मगच हलवा.

सडा ओसाड नसतो, मामा. पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाऊन बघा. कातळावरच्या मूठभर मातीत जे गवत आणि फुलं येतात ती झाडांच्या सावलीत तगत नाहीत. तिथे खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, याला जंगल वाढवणं म्हणत नाहीत. आणि शाहूवाडी, राधानगरी, चंदगडचे सडे बॉक्साइटसाठी पोखरले गेले, ते कुणी पोखरले? म्हशींनी की धनगरांनी? मेसेज लिहिणाऱ्याने ते पाच मुद्द्यांत कुठे लिहिलंय, तेवढं मला दाखवा.