पबकेमवर 'ॲक्टिव्ह' लिहिलंय म्हणजे हळदीने कॅन्सर बरा होतो असं नाही हो

आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखा येतोय, की हळदीतलं कर्क्युमिन अमेरिकन सरकारच्याच पबकेम या रसायनांच्या डेटाबेसमध्ये कॅन्सरवर 'ॲक्टिव्ह' म्हणून नोंदलंय, कंपन्या लपवतात, तेव्हा मिरीवाल्या कर्क्युमिनच्या गोळ्या सुरू करा. मी रोज हेच डेटाबेस वापरते म्हणून लिहितेय.

लपवलंय कुठे? पबकेम २००४ पासून सगळ्यांना फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. आणि तिथे नाव असणं म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, १० कोटींच्या वर रेणू आहेत, सायनाइडपण आहे.

आता तो 'ॲक्टिव्ह' शब्द. कर्क्युमिनच्या पानावर खाली टेस्टचा तक्ता आहे तो उघडा, एकेक ओळ म्हणजे लॅबमधली एकेक टेस्ट, प्लास्टिकच्या प्लेटमधल्या पेशींवर किंवा नुसत्या प्रोटीनवर केलेली, आणि शेजारीच आकडा असतो की किती मात्रेला परिणाम दिसला, तो आकडा फॉरवर्डवाले कधीच टाकत नाहीत. बऱ्याचदा तो १०-२० मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती दाट आहे याचं माप) असतो. तैवानमध्ये २००१ साली पेशंटना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तरी रक्तात सरासरी १.७७ मायक्रोमोलरच सापडलं. हळदीत ते ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खायची! शिवाय कर्क्युमिन स्वतः चमकतं, पटकन तुटतं, दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, त्यामुळे टेस्ट फसतात, २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी हे सविस्तर मांडलंय.

हळदीच्या पेटंटचा पुरावा देतात, पण माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करवलं ते पेटंट जखमा भरण्याचं होतं, कॅन्सरचा त्यात संबंधच नाही.

मिरीचं मात्र खरंय आणि काळजी तिथेच आहे. १९९८ च्या अभ्यासात मिरीतल्या २० मिलिग्रॅम पिपरिनने रक्तातलं कर्क्युमिन २० पट वाढलं, कारण पिपरिन बाहेरचे रेणू निकामी करणारी लिव्हरची यंत्रणा अडवतं. लॅबमध्ये ते सीवायपी३ए४ हे एन्झाइमही अडवतं, आणि डोसेटॅक्सेलसारखं केमोचं औषध शरीर त्याच एन्झाइमने संपवतं. म्हणजे औषध रक्तात जास्त साठू शकतं.

परळला टाटामध्ये केमो चालू असलेल्या एक काकू मला विचारत होत्या, गोळ्या मागवल्यात, घेऊ का? काकू, आमटीतली हळद खुशाल घाला, पण बाटली उघडू नका, पुढच्या तारखेला फाइलसोबत पिशवीत टाका आणि आधी डॉक्टरांना दाखवा.