‘रोज पाच मिनिटं चालू करून ठेवा’ म्हणणाऱ्यांनो, एकदा हिशेब करा

आज सकाळी सेल्फ मारला आणि गाडीनं जो आवाज काढला तो अजून डोक्यातून जात नाहीये. घर्र... घर्र... घ... करत रेंगाळणं, डॅशबोर्डचे दिवे मंद, घड्याळ शून्यावर. मग कसाबसा एक सिलिंडर पेटला, मागोमाग दुसरा, आणि तिसऱ्याचा पत्ताच नाही. अख्खी गाडी थडथडायला लागली. आरपीएमचा काटा पाचशेवर, बाराशेवर, परत पाचशेवर. मागून कच्च्या पेट्रोलचा भपकारा. वर चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नाही, मिचमिचतोय! तो मिचमिचायला लागला म्हणजे मिसिंग, म्हणजे सिलिंडर न पेटणं, इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या लाइनीत चाललंय आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून भाजून निघतोय. थंडीत थोडे दिवस उभी होती गाडी. बस्स, एवढंच.

आणि नेमकं त्या थडथडाटात कुणीतरी काचेवर टकटक केली. शेजारचे काका. मला वाटलं धक्का द्यायला आले. नाही. काच खाली घेतल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत नाही का तुम्ही?’

नाही ठेवत! आणि ठेवणारही नाही. हा सल्ला मला आजवर इतक्या लोकांनी इतक्या आत्मविश्वासानं दिलाय की आता ऐकला तरी कानशिलं तापतात. एकदा, फक्त एकदा बसून हिशेब करा हो. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग, चावीची वाट बघत बसलेला तो रिसीव्हर, हे सगळे बॅटरी पीत असतात. पन्नास मिलिअँपियर धरा, चांगल्या गाडीतही तेवढे जाऊ शकतात. दिवसाला झाले 1.2 अँपियर-तास. महिन्याला 36. छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ते 45 अँपियर-तासांची. आता तुमची ती लाडकी पाच मिनिटं. गाडी जागेवर चालू असताना, म्हणजे आयडलिंगवर, बॅटरी भरणारा अल्टरनेटर काही पूर्ण ताकदीनं फिरत नाही, त्यात थंडी म्हणून ब्लोअर चालू, मागच्या काचेचा डीफॉगर चालू, हेडलाइट चालू. बॅटरीच्या वाट्याला दहा अँपियर आले तरी पाच मिनिटांत भरले 0.83 अँपियर-तास. रोज 1.2 जातात आणि रोज 0.83 येतात! त्यातच सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपियरचा जो घोट गेला तो वेगळाच. गार बॅटरी चार्जसुद्धा धड घेत नाही, ते आणखी वेगळं.

बॅटरीचं सोडा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असलं तर वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत काही इंजिन गरम होत नाही. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये साठतं, आतून गंज धरतो. थोडं पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पिवळट पांढरी साय धरलेली दिसेल. रोज पाच मिनिटं चालवणाऱ्यांच्या गाड्यांत ती हमखास दिसते. गार इंजिनाला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, प्लग ओले होतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी कालच्यापेक्षा जास्त मिसिंग करते. मग तुम्हीच म्हणता, ‘बघा, थंडीत गाड्या असंच करतात.’ तुम्हीच केलंत ते! न्यायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर न्या, ऑइल नीट गरम होऊ द्या, नाहीतर हात लावू नका.

काकांचं बोलणं संपेपर्यंत आणखी एक जण पुढे. ‘रेस द्या, रेस द्या!’ थंड ऑइल अजून वर हेडपर्यंत पोचलेलं नाही, टॅपेट खटखटतायत, आणि हा माणूस खिडकीत डोकं घालून मला रेस द्यायला सांगतोय. काय घाई आहे? एक मिनिट थांबा ना.

ऑइलवरून आठवलं. ऑइलच्या डब्यावर लिहिलेल्या 5W-30 मधलं W म्हणजे विंटर. थंडीत किती पातळ राहणार तेच W आधीचा आकडा सांगतो, थंडीसाठी जितका लहान तितकं चांगलं. मागच्या सर्व्हिसिंगला गाडीच्या पुस्तकात स्वच्छ 5W-30 लिहिलेलं असताना गॅरेजवाल्यानं 20W-50 ओतायला काढलं होतं. का, तर ‘जाड ऑइल इंजिनाला चांगलं असतं साहेब.’ कोणी सांगितलं? थंडीत ते मधासारखं घट्ट होतं, आणि आधीच अर्धमेल्या बॅटरीला त्यातून क्रँक फिरवायचा असतो. मी तिथेच उभा होतो म्हणून वाचलं. मी नसतो तर?

आजचा मेकॅनिकही त्याच जातकुळीतला. आला, बॉनेट उघडलं, टर्मिनल बोटानं हलवलं, ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’ मीटर कुठाय? मीटर आणलेलाच नाही! माझ्याकडे होता, मी लावला. 11.9 व्होल्ट. अरे, भरलेली बॅटरी 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी, 11.9 म्हणजे उतरलेली. उतरलेली आणि गेलेली यात फरक आहे की नाही? आधी सावकाश चार्ज करा, रात्रभर तशीच ठेवा, मग बघा चार्ज टिकतोय का, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरतेय का, मग म्हणा गेली. हां, उतरलेली तशीच टाकून दिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरंच जाते. शून्याखालच्या कडक थंडीत तर उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठून डबा फुटू शकतो. पण तेही याला सांगता आलं नाही. याचं एकच, नवीन टाका.

मग जम्प स्टार्ट. केबल बघितली तर करंगळीपेक्षा बारीक. काळा चिमटा घेऊन हा थेट उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर लावायला निघाला. मी ओरडलोच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून तो चिमटा लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचा असतो. हे माझं मत नाही, गाडीच्या पुस्तकात चित्र काढून दाखवलेलं असतं. ‘आम्ही रोज असंच करतो.’ हो, म्हणूनच भीती वाटते तुमची.

बरं, बॅटरीची तार काढून ठेवा म्हणणारेही भेटतात. काढली की मग घड्याळ गेलं, काचांचं ऑटो गेलं, आणि कॉम्प्युटरनं शिकलेलं आयडलिंग पुसलं गेलं की परत तेच थडथडणं, यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं. बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोलच्या लाइनीचं प्रेशर उतरलेलं असतं. चावी ऑनवर नेऊन पंपाची ती दोन सेकंदांची घूं ऐकायची, बंद करायची, परत ऑन करायची, मगच सेल्फ मारायचा. डिझेलवाल्यांनी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. एवढी साधी गोष्ट हे सल्लागार कधी सांगतात का? नाही. पाच मिनिटं, पाच मिनिटं, पाच मिनिटं.

आणि सगळ्यात जास्त राग मला गाडी बनवणाऱ्यांचा येतो. कॅडिलॅकनं 1912 साली हँडल काढून इलेक्ट्रिक स्टार्टर दिला, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. आज डॅशबोर्डवर हातभर स्क्रीन आहे. दार उघडं आहे हे सांगते, पट्टा लावला नाही हे सांगते, बाहेर गार आहे हे सांगते. पूर्वी कितीतरी गाड्यांत बॅटरीचा काटा असायचा, पाण्याच्या तापमानाचा काटा असायचा. तापमानाच्या जागी आता एक निळा दिवा, आणि बॅटरीचा तो लाल दिवा चार्जिंग बंद पडल्यावर लागतो. उभ्या गाडीत ती हळूहळू उतरत असते तेव्हा काहीच नाही. व्होल्टेज गाडीच्या कॉम्प्युटरला माहीत असतं. स्टीअरिंगखालच्या पोर्टात बोटभर यंत्र खोचलं की मोबाइलवर लगेच दिसतं. मग स्क्रीनवर का नाही? मला गाण्यांची चित्रं नकोत, स्वागताचं ॲनिमेशन नको. चावी ऑन केल्यावर कोपऱ्यात एक आकडा दाखवा, बारा पॉइंट किती. बाकीचं माझं मी बघतो.