‘जळजळीच्या गोळ्या’ आणि अल्सरचं रक्त

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर असा: ‘पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलं तरी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल घेऊ नका. त्या नुसत्या जळजळीच्या गोळ्या. दुर्बीण झाली की औषधाची गरज नाही. थंड दूध प्या. गोळ्यांनी किडनी जाते.’ अल्सरमधून रक्त गेल्यामुळे दवाखान्यात राहिलेल्या माझ्या मामांनी घरी आल्यावर हे वाचून गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी त्यांना पुन्हा डांबरासारखी काळी शौच झाली, म्हणजे आत पुन्हा रक्त गेलं. म्हणून हे लिहिते आहे.

‘नुसत्या जळजळीच्या गोळ्या’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. अल्सरचं रक्त थांबतं ते तिथे गुठळी धरते म्हणून. जठरातल्या तीव्र आम्लात प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या पेशी, एकमेकींना नीट चिकटत नाहीत. वर पेप्सिन, म्हणजे मटण-डाळ पचवणारं विकर, धरलेली गुठळीही पचवून टाकतं. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका मोठा, तितकं आम्ल सौम्य) सहाच्या वर राहिला तर गुठळी टिकते. आम्ल दाबायचं ते यासाठी.

पुरावा हवा असेल तर आपल्याच देशातला आहे. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेतला २२० रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना पाच दिवस, दर १२ तासांनी ४० मिलिग्रॅम ओमेप्राझोल तोंडाने दिलं. उरलेल्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. दुर्बिणीतून रक्त थांबवण्याचा उपचार कुणावरच केला नव्हता. औषध घेणाऱ्या ११० जणांपैकी १२ जणांचा रक्तस्राव चालू राहिला किंवा पुन्हा झाला; दुसऱ्या गटात ११० पैकी ४० जणांचा. शस्त्रक्रिया करावी लागली ती ८ जणांवर, आणि दुसरीकडे २६ जणांवर.

दुर्बीण झाल्यावरही औषध लागतंच. हाँगकाँगमध्ये दुर्बिणीतून रक्त थांबवलेल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना ७२ तास शिरेतून ओमेप्राझोल दिलं (२०००). महिन्याभरात त्यांच्यातल्या ६.७ टक्क्यांना पुन्हा रक्तस्राव झाला, औषध न मिळालेल्यांत २२.५ टक्क्यांना. याचा अर्थ गोळी दुर्बिणीची जागा घेते असाही नाही. रक्त जात असताना घरी गोळी घेऊन वाट पाहणं तितकंच धोक्याचं.

दुधाचं थोडक्यात: क्षणभर थंड वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

किडनीबद्दल मात्र मजकुरात अर्धं सत्य आहे. या औषधांनी क्वचित किडनीला सूज येते, आणि वर्षानुवर्षं विनाकारण ती गिळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारायलाच हवं. पण १७,५०० हून अधिक रुग्णांवर साधारण तीन वर्षं पॅन्टोप्राझोल तपासलं गेलं (२०१९), तेव्हा आतड्याचे संसर्ग किंचित वाढलेले आढळले. किडनीच्या विकारात ठळक फरक नव्हता. अल्सर भरून येण्यासाठी औषध बहुधा काही आठवडेच लागतं. रोज ॲस्पिरिन घ्यावी लागणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते पुढेही चालू ठेवावं लागू शकतं.

मजकुरात कारणांबद्दल अक्षरही नाही. बहुतेक अल्सरमागे एच. पायलोरी हा जंतू असतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. जंतू सापडला तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करावा लागतो. मामा गुडघ्यांसाठी दोन वर्षं रोज डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होते, आणि दुकानातून ती आणताना त्यांना कधी कुणी चिठ्ठी मागितली नव्हती.