क्यूबिट मोजण्याआधी

भारतात क्वांटम संगणकाचा विषय निघाला की चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते, असे दूरवरून वाचताना मला वारंवार जाणवते: आपले क्यूबिट (क्वांटम संगणकातले माहितीचे मूलभूत एकक) किती, आणि ते थंड ठेवणारा डायल्यूशन रेफ्रिजरेटर अजून बाहेरून का आणावा लागतो. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ साली मंजुरी मिळताना आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटचे उद्दिष्ट जाहीर झाले, त्यामुळे आकड्यांची ही ओढ समजण्याजोगी आहे. मात्र परदेशातल्या एका क्लीनरूममध्ये अतिवाहक (अतिथंड तापमानाला रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या धातूंचे) क्यूबिट घडवणाऱ्या मला हे दोन्ही प्रश्न दुय्यम वाटतात. रेफ्रिजरेटर विकत मिळतो, चांगले जंक्शन मिळत नाही.

अशा क्यूबिटचा गाभा असलेले जोसेफसन जंक्शन म्हणजे अॅल्युमिनियमचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पडदा. इलेक्ट्रॉन बीमने रेझिस्टमध्ये (चिपवरच्या संवेदनशील लेपात) आकृती लिहायची, निर्वातात एका कोनातून अॅल्युमिनियमची वाफ बसवायची, मोजून ऑक्सिजन सोडून ठरलेली मिनिटे थांबायचे आणि मग दुसऱ्या कोनातून वरचा थर चढवायचा, एवढीच ती कृती. पण पडद्यातून जाणारा प्रवाह त्याच्या जाडीनुसार घातांकी प्रमाणात बदलत असल्याने अणूच्या एखाद्या थराचा फरकही क्यूबिटची वारंवारता हलवतो. म्हणून चिप बाहेर आली की आम्ही आधी सुया टेकवून, खोलीच्याच तापमानाला जंक्शनचा रोध मोजतो. त्यावरून थंड झाल्यावरचा क्रांतिक प्रवाह, म्हणजे जंक्शनमधून रोधाशिवाय जाऊ शकणारा कमाल प्रवाह, अजमावता येतो. तीच चिप काही दिवसांनी पुन्हा मोजली तर रोध वाढलेला दिसतो, कारण जंक्शनलाही वय असते.

पदार्थाच्या निवडीचेही असेच. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने नायोबियमऐवजी टँटलम वापरून क्यूबिटचे आयुष्य, म्हणजे त्याची अवस्था टिकण्याचा काळ, ०.३ मिलिसेकंदांपुढे नेले, तरी जंक्शन अॅल्युमिनियमचेच राहिले. फरक पडला तो मुख्यतः पृष्ठभागामुळे, कारण ऊर्जा गिळणारे सूक्ष्म दोष तिथल्या अस्फटिक ऑक्साइडमध्ये दडलेले असतात. अर्थात टँटलम नुसते आणून भागत नाही. त्याची अल्फा अवस्थाच (स्फटिकरचनेचा एक प्रकार) जमली पाहिजे, बीटा जमली तर अतिवाहकता कितीतरी कमी तापमानाला सुरू होते.

२०२४ मध्ये टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) यांच्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची बातमी आली, तेव्हा माझ्या परिचितांपैकी काहींनी ‘फक्त सहा?’ असे विचारले. मला मात्र ते क्यूबिट टीआयएफआरमध्येच घडवले गेले होते, हे अधिक मोलाचे वाटले.

परदेशात सारे आलबेल असते असेही नाही. आमच्याकडे बाष्पीभवनाचे यंत्र अनेक गटांत वाटलेले होते. कोणीतरी त्यात निकेल हा अतिवाहकतेला मारक चुंबकीय धातू वापरला आणि पुढचे कित्येक आठवडे आमच्या क्यूबिटचे आयुष्य घसरलेले राहिले. कारण सापडले ते एका ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंच्या नोंदवहीत, जिथे प्रत्येक धातू आणि बदललेली प्रत्येक झडप त्यांनी हाताने लिहून ठेवली होती. त्यानंतर केवळ अॅल्युमिनियमसाठी वेगळे यंत्र मिळाले. मायदेशातल्या चर्चेत मला असे राखीव यंत्र आणि ते सांभाळणाऱ्या माणसाची कायमची जागा, या दोन मागण्या ऐकायला आवडतील. निधीच्या आकड्यांत दुसरी सहज हरवते. त्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या हाताखाली कोण शिकणार हे इथेही अजून ठरलेले नाही.