४०६० चा ४०७० होत नाही. सोलापूरच्या एप्रिलात तर नाहीच

सोलापुरातल्या कॉलेजच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०५०, ४०६० आणि ४०७० हे लॅपटॉपचे जीपीयू (ग्राफिक्सच्या चिपा) आतून एकच असतात, कंपनी फक्त सॉफ्टवेअरने त्यांचे हात बांधते. आफ्टरबर्नर (जीपीयूचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) टाका, ओव्हरक्लॉक करा म्हणजे वेग ठरल्यापेक्षा वाढवा: कोअरला अधिक २५०, मेमरीला अधिक १५०० मेगाहर्ट्झ द्या, पॉवर लिमिट शेवटपर्यंत ओढा, जमलं तर वरच्या मॉडेलचा व्हीबायोस (जीपीयूचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) मारा, आणि झाला ४०६० चा ४०७०. गरम झालं तर लॅपटॉप आपोआप बंद होतो, वॉरंटीलाही काही होत नाही, तेव्हा भीती कसली? खाली पुरावा म्हणून टाइम स्पाय या बेंचमार्कच्या (ग्राफिक्सचा वेग मोजणाऱ्या चाचणीच्या) स्कोअरचा स्क्रीनशॉट.

यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणूनच पोरं फसतात. एकेक मुद्दा घेऊ.

आतून चिप एकच असते

४०५० आणि ४०६० पुरतं हे खरं. दोन्हींत एडी१०७ हीच चिप आहे. पूर्ण एडी१०७ मध्ये २४ एसएम (कोअरचे गट), म्हणजे ३०७२ कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग). ४०६० मध्ये ते सगळे चालू असतात. ४०५० मध्ये २० एसएम, २५६० कोअर. उरलेले चार एसएम कारखान्यातच कायमचे तोडलेले. तो ड्रायव्हरचा खेळ नाही, त्यामुळे ड्रायव्हरवर चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर ते जोडू शकत नाही. मेमरीचंही तसंच. ४०५० ची बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) ९६ बिटांची: दोन-दोन जीबीच्या तीन चिपा, एकूण ६ जीबी. ४०६० ला चार चिपा, १२८ बिट, ८ जीबी. जी चौथी चिप बोर्डावर सोल्डरच केलेली नाही ती स्लायडर कुठून आणणार? टेक्स्चर हायवर ठेवल्यावर ६ जीबी भरली आणि गेम अडखळायला लागला, तर कोअर कितीही पळवा, अडखळणं थांबत नाही.

४०७० ही तर वेगळीच चिप, एडी१०६. एडी१०७ सुमारे १५९ चौरस मिलिमीटरची, ही सुमारे १८८ ची, कोअर ४६०८. आणि ४०६० हा तर पूर्ण एडी१०७ आहे, त्यात लपवून ठेवलेलं काही नाहीच. कुलूपच नाही तिथं किल्ली कुठं फिरवायची?

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण एके काळी तो खरा होता. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा इंटेलचा सीपीयू, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ऐवजी ४५० ला पळायचा. पुढे रेडिऑन एचडी ६९५० या ग्राफिक्स कार्डावर ६९७० चा बायोस टाकून बंद शेडर (कोअरसारखेच भाग) उघडता यायचे. पण ते सगळं डेस्कटॉपचं राज्य, आणि तेव्हा ते भाग खरोखर तोडलेले नसायचे.

कोअर अधिक २५०, मेमरी अधिक १५००

आधी हिशेब. ४०५० ची मेमरी सेकंदाला १६ गिगाबिट वेगाची. ९६ बिट गुणिले १६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला १९२ जीबी. ४०६० ला तेच गणित २५६ जीबी देतं. ४०५० ला २५६ गाठायला मेमरी २१.३ गिगाबिटला चालवावी लागेल. आफ्टरबर्नर मूळचा १६ गिगाबिटचा वेग ८००० च्या आसपास दाखवतो, तेव्हा ऑफसेट (मूळ वेगावरची वाढ) लागेल जवळजवळ अधिक २६६७. फॉरवर्डमधले १५०० सुद्धा बहुतेक चिपांना झेपत नाहीत, आणि झेपले तरी आकडा २२८ जीबीवरच थांबतो.

मेमरी ताणली की लॅपटॉप लगेच बंद पडेल असंही नाही. आधी सावल्यांमध्ये रंगीत ठिपके चमकतात, कधी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढण्याऐवजी घटतो. म्हणून २००-२०० च्या पायरीने चढायचं, प्रत्येक पायरीला तोच बेंचमार्क चालवायचा, आणि स्कोअर वाढायचा थांबला की तिथून २०० मागे यायचं.

कोअरचं गणित ४०६० आणि ४०७० च्या जोडीवर करून बघा. एनव्हिडियाने दिलेला कमाल बूस्ट (कोअरचा वाढीव वेग) ४०६० ला २३७०, ४०७० ला २१७५ मेगाहर्ट्झ. निव्वळ कोअरच्या जोरावर बरोबरी करायची तर ४०६० ला ३२०० च्या वर जावं लागेल. लॅपटॉपला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ते होत नाही. प्रत्यक्ष गेममध्ये मात्र दोघांतला फरक कोअरच्या हिशेबाने निघतो तसा ५० टक्के नसतो. दोघांची मेमरी बस सारखीच, वॉटही सारखेच, म्हणून तो बराच कमी भरतो. चांगल्या ओव्हरक्लॉकने त्यातला थोडा भाग भरून निघतो. पण ४०७० वाल्याच्या हातातही तेच आफ्टरबर्नर आहे, हे फॉरवर्डवाले विसरतात.

अधिक २५० लावल्यावर नेमकं काय होतं तेही बघा. ऑफसेट म्हणजे व्होल्टेज वाढवणं नव्हे. त्याच व्होल्टेजला जास्त वेग मागणं. चिपला ते जमलं नाही की विंडोज दोन सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हर रीसेट करतं. स्क्रीन काळी होते, गेम डेस्कटॉपवर फेकतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) डिस्प्लेची ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली की समजायचं, ऑफसेट जास्त झाला. ही चिप १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने चालते. अधिक ७५ ने सुरुवात करा, पुढे १५ किंवा ३० ने वाढवा. बहुतेकांची गाडी १०० ते २०० च्या मध्ये अडते, आणि हाती ५ ते ८ टक्के लागतात.

पॉवर लिमिट शेवटपर्यंत ओढा

बहुतेक लॅपटॉपांत हा स्लायडर राखाडी असतो, हलतच नाही. वॉटची मर्यादा लॅपटॉप बनवणारा ठरवतो: ४०५०, ४०६०, ४०७० तिन्हींसाठी ३५ ते ११५ च्या मध्ये कुठंही, वर डायनॅमिक बूस्ट ही सोय सीपीयूच्या वाट्यातून २५ पर्यंत काढून देते. आणि ११५ किंवा १४० मिळाले म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. साधारण १०० वॉटच्या पुढे या तिघांना व्होल्टेजची मर्यादा आडवी येते. जीपीयू-झेड या जीपीयूची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परफकॅप रीझन (वेग कशामुळे अडला) नावाची ओळ असते. तिथे पीडब्ल्यूआर दिसलं तर वॉट संपले, थर्म दिसलं तर तापमान भिडलं, व्हीरेल किंवा व्हीओपी दिसलं तर व्होल्टेज. गेम चालू असताना ती ओळ वाचल्याशिवाय एकही स्लायडर हलवू नका. व्होल्टेज अडलेलं असताना वॉट वाढवून काहीच पदरात पडत नाही.

व्हीबायोसबद्दल एवढंच: दुसऱ्या मॉडेलचा व्हीबायोस म्हणजे दुसऱ्या बोर्डाचे पंखे, दुसरे व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारे भाग), डिस्प्लेची दुसरी जोडणी. फसलं तर काळी स्क्रीन. मग मागचं झाकण काढून चिपेला क्लिप लावायची, सीएच३४१ए प्रोग्रॅमरने (चिपवर फाइल लिहिणाऱ्या छोट्या उपकरणाने) जुनी फाइल परत लिहायची; चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये अडॅप्टर लागतो, तो विसरलात तर चिपही जाते. आणि आधी जुनी फाइल काढून ठेवलेली नसेल तर लिहिणार काय?

गरम झालं तर आपोआप बंद होतो

होतो. पण बंद पडायच्या कितीतरी आधी तो वेग कमी करतो, आणि फॉरवर्डचा सगळा डाव तिथेच उलटतो. या जीपीयूंची तापमानाची मर्यादा बहुतेक लॅपटॉपांत ८७ अंशांच्या आसपास असते. तिथं पोचला की चिपचा वेग खाली येतो, तुमचा ऑफसेट काहीही असो.

आता सोलापूर. पंखे आणि वॉट तेच असतील तर चिप आणि खोली यांच्यातला फरक साधारण तोच राहतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, खोली २६ अंशांवर आणि जीपीयू ७८ वर: फरक ५२. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ ला, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८. तोच ५२ धरला तर जीपीयू ९० ला जायला हवा, म्हणजे ८७ ला अडकणार. गड्ड्यात पास झालेलं सेटिंग अक्षय्य तृतीयेला क्रॅश का होतं, याचं उत्तर यातच आहे: तापलेली चिप त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागते, आणि ऑफसेटने ते आधीच काढून घेतलेलं असतं. टेस्ट करायचीच तर मे महिन्यात दुपारी तीनला करा, रात्री अकराला नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास राहत असाल तर यंत्रमागांवरच्या चादरी-टॉवेलांच्या सुताचे बारीक तंतू घरातल्या हवेतही असतात. साधी धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते. तंतू मात्र पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत अडकून नमद्यासारखा थर धरतात. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. हा थर काढल्यावर मिळणारा फायदा अनेकदा सगळ्या ओव्हरक्लॉकपेक्षा मोठा असतो.

काढायचा कसा: लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. मागचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या त्या जागी ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला भोक पाडतो. झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा. मग पंखा त्याच्या दोन-तीन स्क्रूंसह बाहेर काढा, तंतूंचा थर चिमट्याने उचला, आणि जाळीतून बाहेरून आत ब्लोअर मारा. पंखा जागेवर ठेवून हवा मारायची असेल तर पातं टूथपिकने धरून ठेवा. मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उचलायचा तो त्याच्या आणि चिपच्या मधली पेस्ट बदलायचीच असेल तर. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू) आणि जीपीयूचं तापमान यांत २० अंशांहून जास्त अंतर दिसत असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट दाबलेला नाही.

पाचशे रुपयांच्या कूलिंग पॅडपेक्षा मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणं बऱ्याचदा जास्त कामाचं. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं पुरतात. आणि गादीवर सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर लॅपटॉप ठेवून गेम खेळणाऱ्याने ओव्हरक्लॉकचा विषयच काढू नये. खालची हवेची भोकंच बंद.

मग करायचं काय

वॉट आणि तापमान अडवत असतील तर ओव्हरक्लॉकच्या उलट्या वाटेने जा: अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि वेगाचा वक्र उघडतो. आधी कोअरचा स्लायडर उणे २०० ला नेऊन सगळा वक्र खाली दाबा. मग ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका धरून २३०० मेगाहर्ट्झवर उचला आणि अप्लाय करा. त्याच्या उजवीकडचा वक्र सपाट झालेला दिसला पाहिजे. तो सपाट असेल तर चिप ८७५ च्या वर जाणार नाही. अर्धा तास जड गेम चालवा. टिकला तर १५ ने वर, पडला तर १५ ने खाली. विंडोज सुरू होताना सेटिंग लागू करायचा पर्याय आठवडाभर बंदच ठेवा. नाहीतर चुकीचं सेटिंग प्रत्येक वेळी सुरू होतानाच पाडेल, आणि सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावा लागेल.

सीपीयू आणि जीपीयूची उष्णता बहुतेक लॅपटॉपांत एकाच नळ्यांतून जाते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये सीपीयूची कमाल ९९ टक्के केली की टर्बो (सीपीयूचा वाढीव वेग) बंद होतो आणि जीपीयू काही अंश थंड होतो. सीपीयूवर भार टाकणाऱ्या गेममध्ये मात्र हे करू नका. त्याच्याही आधी दोन गोष्टी बघा: रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी घाला, आणि मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या चिपला जोडायची ते बदलणारी सोय) असेल तर डिस्प्ले थेट जीपीयूला जोडा. चार्जर मूळचाच हवा. गेम खेळताना चार्जर लावूनही बॅटरीचा टक्का उतरत असेल तर चार्जरचे वॉट पुरत नाहीत, बाकी सगळी झटापट नंतर.

वॉरंटीला काही होत नाही

लॅपटॉपसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधला थोडासा ऑफसेट निराळा, व्हीबायोस बदलणं निराळं. वॉरंटीच्या कागदात ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेल्या नुकसानीचं कलम आहे का ते आधी वाचा. जीपीयू बोर्डावर सोल्डर केलेला असतो. गेला तर अख्खा बोर्ड बदलतात.

आणि तो स्क्रीनशॉट

तो खराही असू शकतो. १४० वॉटचा ४०६० हा ६० वॉटच्या ४०७० ला सहज गाठतो, ओव्हरक्लॉक न करताही. एकाच नावाच्या जीपीयूला लॅपटॉपागणिक वेगळे वॉट मिळतात, म्हणून नुसत्या नावाशी तुलना करून काही कळत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा दिसतो. स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याकडे चार गोष्टी मागा: दोन्ही लॅपटॉपांचे हे वॉट, सलग तिसऱ्या रनचा स्कोअर, त्या वेळचं जीपीयूचं तापमान आणि खोलीचं. पहिल्या रनला लॅपटॉप थंड असतो, तेव्हा कुठलंही सेटिंग चांगलंच दिसतं.