कुणी हात लावला हुता?

३१ मे. सकाळी सात वाजता इचलकरंजीहून आईचा फोन. "आरं, पतसंस्थेचा मेसेज आलाय बघ. वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून. माझा उद्या हाय न्हवं?"

चहाचा घोट घशात अडकला, कारण ते मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर आमच्याच टीमचं. त्यात आईच्या वयाच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेला. म्हणजे पहाटेपासून अख्ख्या पेठेला एक दिवस आधी शुभेच्छा गेलेल्या.

"तसा तुझा खरा वाढदिवस कुठाय १ जूनला?" मी म्हटलं.

"खोटा असला म्हणून काय झालं? तारीख तरी बरोबर पाहिजे का नको?"

आमचे बाबा यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. आडवं सूत नेणारा धोटा उडायला लागला की बाबा पान्ह्याला हात घालत नसत. तंबाखू मळत दोन मिनिटं नुसता खटखटाट ऐकायचे आणि मग विचारायचे, "काल ह्याला कुणी हात लावला हुता?" कुणीच लावलेला नसायचा. यंत्र आपोआप बिघडत नाही, हा बाबांचा एकमेव सिद्धांत.

मी टेक्स्टाइल इंजिनिअर. कॅम्पसला आयटी कंपनी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, कापडवाले इकडे कसे? मी ठोकून दिलं, की १८०४ साली फ्रान्समध्ये जकारने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग काढला, पुढे कॉम्प्युटरची पंच कार्डं त्याच वळणावर गेली, तेव्हा तुम्हीच आमच्या धंद्यात आलाय. साहेब हसले. चौदा वर्षं झाली, पदाच्या नावात दर तीन वर्षांनी एक शब्द वाढतो, काम जॉबरचंच. तंबाखूऐवजी चहा.

एक सोय मात्र बाबांना नव्हती ती आम्हाला आहे: गिट ब्लेम. कमांड दिली की कोडच्या प्रत्येक ओळीपुढे तिला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव उमटतं, तारखेसकट. ही कमांड माझी फार लाडकी. नव्या पोरांना मी तिच्या धाकात ठेवलंय.

बिघाड सापडायला वेळ लागला नाही. जन्मतारखेला कुणीतरी वेळ चिकटवली होती, रात्री बाराची. आपले रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत, कॉम्प्युटरं पाळतात त्या जागतिक वेळेत, आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. त्यामुळे १ जूनचे झाले ३१ मे. अरे, जन्मवेळ पत्रिका बघणाऱ्याला लागते, पतसंस्थेला कशाला? कोण हा दीडशहाणा, म्हणत मी ब्लेम मारला.

नाव माझं. गेल्या गुरुवारचं, संध्याकाळी ६:४०चं. खाली बदलाचं वर्णनही माझ्याच शब्दांत: 'किरकोळ साफसफाई'.

ओळ दुरुस्त केली, नवी पोरं ऑफिसात पोचायच्या आत. तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी बाबा.

"सापडलं का?"

"झालं, बाबा. चालू केलं."

"कुणी हात लावला हुता?"

"बघावं लागेल. टीम मोठी आहे आमची."

पलीकडे जरा वेळ नुसतं तंबाखू मळल्याचं ऐकू आलं.

"म्हंजे तूच."