दीडशे वेळा मोलकरीण झालेली लुपे

माझी आई पंचवीस वर्षं कोथरूडमधल्या चार घरी धुणीभांडी करत होती. आज ज्या नटीबद्दल लिहायचंय तिच्याकडे मी कुठून बघते, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून हे आधीच सांगितलं.

लुपे ओंतिवेरोस. 'डेस्परेट हाऊसवाइव्ह्ज' ही अमेरिकन मालिका बघितलेल्यांना गॅब्रिएलची खमकी सासू हुआनिता सोलिस आठवेल, तीच ही. त्या भूमिकेसाठी 2005 साली तिला एमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं होतं. मला मात्र ती भेटली 'द गूनीज' मध्ये. 1985 चा सिनेमा. मुलाच्या शाळेला सुट्टी होती म्हणून दोघं बघत बसलो होतो.

त्यात एक प्रसंग आहे. घर रिकामं करायचंय, मालकिणीचा हात मोडलाय, म्हणून रोसालिता नावाची बाई कामाला आणलीय. तिला इंग्रजी येत नाही आणि मालकिणीला स्पॅनिश. तिथलाच एक आगाऊ पोरगा म्हणतो, मी समजावून सांगतो. मालकीण सांगते कपडे कुठे ठेवायचे आणि हा स्पॅनिशमध्ये सांगतो की वरच्या खणात गांजा, मधल्यात कोकेन, खालच्यात हेरॉइन. माळ्यावर छळाची हत्यारं आहेत. काम नीट केलं नाहीस तर झुरळांबरोबर दोन आठवडे उपाशी कोंडून ठेवू. मुलगा खदखदून हसत होता, मीही हसत होते. मग रोसालिताच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि माझं हसू थांबलं. ती नुसती दचकत नाही. ती त्या घराचा अंदाज घेत असते. कुठे येऊन पडले, आता निघता येईल का, आजची मजुरी बुडेल का, हे सगळं त्या डोळ्यांत दिसतं. आईला नवीन घर मिळायचं तेव्हा पहिल्या दिवशी ती अशीच बघायची. आणि शेवटी, घराच्या कागदांवर सही होणार तेवढ्यात, गोट्यांच्या पिशवीतली रत्नं सापडतात ती रोसालितालाच. ओरडून ती सही थांबवते. घर वाचवते मोलकरीण. तरी त्या सिनेमाबद्दल बोलताना तिचं नाव कुणी काढत नाही.

त्यानंतर मी तिला शोधत गेले.

जन्म 1942, टेक्सासमधलं एल पासो. रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे एल पासो, पलीकडे मेक्सिको. आईवडील मेक्सिकोहून आलेले, त्यांचा तोर्तियांचा कारखाना होता, रेस्टॉरंटं होती. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. मुलगी टेक्सास विमेन्स युनिव्हर्सिटीत शिकली, लग्न करून लॉस एंजलिसला आली, तीन मुलगे झाले आणि तब्बल 18 वर्षं तिने सोशल वर्कर म्हणून नोकरी केली. सिनेमात गर्दीसाठी माणसं हवी आहेत असं वाचलं म्हणून ती तिकडे गेली. नाटकातही कामं करू लागली. लुइस वाल्देझच्या 'झूट सूट' मध्ये तिने आईचं काम केलं. 1978 साली लॉस एंजलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये आलेलं हे नाटक पुढच्या वर्षी ब्रॉडवेला गेलं आणि 1981 मध्ये त्याचा सिनेमा झाला.

अशी पदवीधर, नोकरदार, अस्खलित इंग्रजी बोलणारी बाई. आणि तिच्या स्वतःच्या हिशोबाने नाटक, सिनेमा, टीव्ही मिळून निदान दीडशे वेळा तिला मोलकरीण केलं गेलं.

तिच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक इथेच थांबतं. काहीजण हळहळतात, काहीजण तिने लहान भूमिकांचं सोनं केलं म्हणून टाळ्या वाजवतात. मला दोन्ही पटत नाही. हळहळण्यात असं गृहीत धरलेलं असतं की मोलकरीण होणं हाच अपमान. लुपेने तसं कधीच मानलं नाही. या देशात राबणाऱ्या हातांच्या वतीने मी उभी राहते याचा मला अभिमान आहे आणि रंगवलेल्या प्रत्येक मोलकरणीत मी जीव ओतलाय, असं ती सांगायची. तिची तक्रार वेगळी होती. ऑडिशनला ती आपल्या नेहमीच्या स्वच्छ इंग्रजीत बोलायची, की समोरचे म्हणायचे, जरा हेल काढून बोला. हेल जितका जाड तितके ते खूश. या गोष्टीची तिला मनापासून चीड होती.

हे वाचलं आणि आईचं बोलणं आठवलं. आई मूळची बार्शीकडची. संध्याकाळी मालिका बघताना त्यातली कामवाली तोंड उघडायची आणि आई म्हणायची, "असं कोण बोलतं गं? कुठल्या गावचं हे?" खरंच कुठल्याच गावचं नसतं ते. ना सोलापूरचं, ना बीडचं, ना साताऱ्याचं. मालिका लिहिणाऱ्याच्या घरी कामाला येणारी बाईसुद्धा तसं बोलत नसेल. आणि उलट बाजूनेही बघा. मराठीत ज्याच्या नावावर थिएटरं भरत होती त्या लक्ष्मीकांत बेर्डेला हिंदीने 'हम आपके हैं कौन' मध्ये घरचा नोकर लल्लू केलं. त्यात तो किती गोड दिसला यावर आपण खूश झालो. दुसरं काही द्यायला काय हरकत होती, असं फार थोड्यांनी विचारलं.

आता 'एल नोर्ते' कडे येते. 1983 चा सिनेमा, दिग्दर्शक ग्रेगरी नावा. ग्वाटेमालातून जीव वाचवून पळालेले भाऊबहीण लॉस एंजलिसला पोचतात आणि बहीण रोसाला हाताशी धरते ती नाचा. ही लुपे. पुन्हा घरकाम करणारीच बाई. पण ही नाचा शिकवते, सावध करते, ओळखी काढून देते. तिला शहर पाठ आहे. श्रीमंत घरातल्या मालकिणीचं कपडे धुण्याचं मशीन रोसाला कळत नाही, ती कपडे हाताने धुऊन हिरवळीवर वाळत घालते. तेव्हा आपण हसतो, पण ते हसू रोसावर नसतं. मालकीण नसताना या बायका एकमेकींशी काय बोलतात, हे या कॅमेऱ्याला ठाऊक आहे.

म्हणून मला वाटतं, भूमिका कोणती मिळाली हा प्रश्नच नव्हता. ती मोलकरीण काम संपल्यावर कुठे जाते, हे सिनेमा बनवणाऱ्याला माहीत आहे का, हा प्रश्न होता. तिची सगळ्यात चांगली कामं कुणाबरोबर झाली बघा. 'एल नोर्ते'चा दिग्दर्शक ग्रेगरी नावा. 'चक अँड बक' (2000) मिगेल आर्तेताचा. त्यात ती छोट्या थिएटरची व्यवस्थापक आहे, समोरच्याला फटकन खरं सांगणारी, आणि त्यासाठी नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या अमेरिकेतल्या सिनेसंस्थेने तिला सर्वोत्तम सहायक अभिनेत्री ठरवलं. 'रिअल विमेन हॅव कर्व्हज' (2002) पॅट्रिशिया कार्दोसोचा. तिघंही लॅटिन अमेरिकी वंशाचे. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. ज्यांच्या घरात लुपेसारख्या आया, मावश्या, आत्या होत्या त्यांनाच तिच्यात काय काय आहे ते दिसलं.

'रिअल विमेन' मध्ये ती कारमेन आहे. लॉस एंजलिसच्या बॉइल हाइट्समध्ये राहणारी आई. धाकटी आना हुशार, तिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायचंय. कारमेनचं म्हणणं, थोरलीच्या शिलाईच्या कारखान्यात बस, वजन कमी कर, लग्न कर. मला या उतारवयात दिवस गेलेत अशी तिची पक्की समजूत, आणि डॉक्टर सांगतात की ही पाळी जाण्याची लक्षणं आहेत. तेव्हा तिचा चेहरा जो पडतो तो विसरता येत नाही. लुपे या बाईला प्रेमळ दाखवायचा जराही प्रयत्न करत नाही. कारमेन लागट बोलते, नाटकं करते, मुलीला चारचौघीत खाली बघायला लावते. आणि तरी तिचं भय आपल्याला कळतं. सनडान्स चित्रपट महोत्सवात लुपे आणि आना झालेली अमेरिका फेरेरा, दोघींना मिळून अभिनयासाठी ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं. लुपे तेव्हा साठीला टेकली होती.

हा सिनेमा मी आईला दाखवला. ती सोफ्यावर, मी शेजारी, प्रत्येक वाक्य मराठीत सांगत. दहावीचा निकाल लागला तेव्हा आई मला म्हणाली होती, "आता दोन घरं तू धर, माझे गुडघे चालत नाहीत." तेव्हा आम्ही दोघी चार दिवस बोललो नव्हतो. पुढे तिनेच कर्ज काढून मला अकरावीला घातलं. हे आमच्यात कधीच पुन्हा निघालं नाही.

शेवटी आना निघते. निरोप घ्यायला आईच्या दाराशी उभी राहते, आशीर्वाद मागते. कारमेन दार उघडत नाही. मुलगी गेल्यावर खिडकीपाशी येऊन बघते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही बाई खरोखरची कुठं राहते गं?"

मी सांगितलं, गेली ती. 2012 मध्ये, लिव्हरच्या कॅन्सरने. सत्तरी गाठायला दोन महिने कमी होते.

"तीच का ती, झुरळांना घाबरलेली?"

"हो, तीच."

आईने रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ते खिडकीचं परत लाव."